मुदत सांगितल्यावरचा प्रवास: विमा, कागद आणि औषधं

डॉक्टरांनी ‘आता महिन्यांचाच हिशोब’ असं सांगितलं की घरात प्रवासाच्या गोष्टी निघतात. कुणाला अमेरिकेतल्या मुलाचं घर एकदा बघायचं असतं, कुणाला कुलदैवताला जाऊन यायचं असतं. इंदुरातल्या मराठी घरांची कुलदैवतं कोकणात, कोल्हापुरात, जेजुरीला. चार पिढ्या माळव्यात गेल्या तरी शेवटचा नमस्कार तिकडेच घालायचा असतो. हे प्रवास होतात, बरेचदा चांगले होतात. मात्र त्यात विम्याचा वाटा आपण धरून चालतो त्याच्या मानाने फार थोडा असतो, आणि हे तिकीट काढण्याआधी कळलेलं बरं.

परदेश प्रवासाच्या पॉलिसीत ‘काय मिळत नाही’ या भागात एक कलम बहुतेक कंपन्या घालतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध प्रवास केला, उपचार घेण्यासाठीच प्रवास केला, एखाद्या उपचाराच्या प्रतीक्षायादीत असताना निघालात, किंवा ‘टर्मिनल प्रोग्नोसिस’ (आजार आता बरा होणार नाही, मुदत थोडी आहे असं डॉक्टरांचं मत) मिळालेलं असताना निघालात, तर क्लेम नाही. चार गोष्टी एकाच वाक्यात असतात आणि चौथीवर कुणाची नजर जात नाही. ‘फिट टू फ्लाय’चं, म्हणजे विमानप्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र पहिल्या अटीपुरतं कामाचं, चौथीपुढे त्याचा काही उपयोग नाही.

इथे एका शब्दाकडे नीट बघायला हवं. चौथ्या स्टेजचा कॅन्सर म्हणजे आपोआप ‘टर्मिनल’ नव्हे. हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर हार्मोनच्या औषधांवर कित्येक वर्षं आटोक्यात राहू शकतो. डॉक्टरांनी मुदत सांगितली नसेल, आजार स्थिर असेल, तर पत्रात ‘ॲडव्हान्स्ड, सध्या स्थिर, उपचार चालू’ असंच यायला हवं, कारण तेच खरं आहे. घाईत ‘टर्मिनल’ हा शब्द फाइलमध्ये पडला की तो क्लेमच्या दिवशी पहिला सापडतो. उलट, डॉक्टरांनी तसं खरंच लिहिलेलं असेल तर ते लपवून पॉलिसी घेणं म्हणजे हप्ता पाण्यात घालणं. क्लेम आला की कंपनी जुने सगळे केसपेपर मागवते.

लपवायचं नसतानाही आजार लपतो, तो असा. एजंट मोबाइलवर अर्ज भरतो. ‘आधीपासून काही आजार?’ या रांगेतल्या सगळ्या प्रश्नांना एकदम ‘नाही’ करतो, कारण ‘हो’ केलं तर पॉलिसी लगेच निघत नाही. मग तुमच्या फोनवर सहा आकडे येतात आणि तो विचारतो, ‘काका, ओटीपी सांगा.’ तो ओटीपी म्हणजे तुमची सही. सांगण्याआधी भरलेला अर्ज पीडीएफमध्ये मागा आणि आजाराचं पान स्वतः वाचा. एजंट ओळखीचा असला तरी.

मग घ्यावी का पॉलिसी? घ्यावी, पण कशासाठी घेतोय ते डोक्यात ठेवून. विमानतळावर पाय घसरला, बॅग आलीच नाही, पासपोर्ट हरवला, तिथल्या कुणाला आपल्यामुळे नुकसान झालं, यातलं पुष्कळ आजार असूनही मिळू शकतं. युरोपातल्या शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या) व्हिसाला तर पॉलिसी लागतेच: किमान ३०,००० युरो, संपूर्ण मुक्कामासाठी, सगळ्या शेंगेन देशांत चालणारी, आणि त्यात तातडीचे उपचार, आजारपणात मायदेशी आणणं व मृत्यू या गोष्टी असलेली. व्हिसाच्या खिडकीवर हा आकडा आणि ही कलमं बघतात, तुमचा आजार त्यात बसतो का ते कुणी बघत नाही. त्यामुळे व्हिसा मिळवून देणारी पॉलिसी आणि पैसे देणारी पॉलिसी या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात. व्हिसा झाला म्हणजे विमा झाला असं समजणारे खूप भेटतात.

काही पॉलिसी आधीच्या आजारालाही थोडं संरक्षण देतात, पण ‘जीवघेणी तातडीची वेळ’ आली तरच आणि रुग्ण स्थिर होईपर्यंतच. त्यातही आतली मर्यादा वेगळी असते. वर ५०,००० डॉलर छापलेलं असलं तरी आधीच्या आजाराच्या ओळीत किती लिहिलंय ते बघा, तो आकडा बरेचदा अगदी किरकोळ असतो. अमेरिकेत पाहुण्यांसाठी मिळणाऱ्या पॉलिसींमध्ये ‘ॲक्यूट ऑनसेट’ नावाचा प्रकार असतो. जुना आजार अचानक, पूर्वसूचना न देता उसळला आणि ठरलेल्या वेळेत, साधारण २४ तासांत, उपचार घेतले तर पैसे. कॅन्सर हळूहळू वाढतो, म्हणून तो यात क्वचितच बसतो. वयाचीही अट असते. मुलगा तिकडून ‘मी घेतलीय हो पॉलिसी’ म्हणाला तरी त्याला हे कलम वाचून दाखवायला सांगा.

ब्रिटनमध्ये अशा रुग्णांना विमा देणाऱ्या खास कंपन्या आहेत. तिथे फोनवर आजाराची प्रश्नावली घेतात आणि त्यावरून हप्ता ठरवतात. पण त्या तिथल्या रहिवाशांसाठी. आपल्याकडचा रुग्ण भारतातून निघणार असेल तर त्या उपयोगाच्या नाहीत.

पॉलिसी घेण्याआधी कंपनीला ईमेल करा, एजंटला नको. त्यात आजाराचं नाव, निदानाची तारीख, सध्याचे उपचार आणि प्रवासाच्या तारखा लिहा आणि सरळ प्रश्न विचारा. केमोनंतर ताप येऊन दाखल व्हावं लागलं तर? पायात रक्ताची गाठ झाली तर? पडून हाड मोडलं, आणि त्याच हाडात आजार पसरलेला निघाला तर? आजारामुळे मृत्यू झाला तर पार्थिव आणण्याचा खर्च मिळेल का? निघण्याआधी तब्येत बिघडून प्रवास रद्द झाला तर? हे प्रश्न उगाच लांबवलेले नाहीत. कलमात ‘आजारामुळे किंवा आजारातून उद्भवलेले’ असे शब्द असतात आणि कॅन्सरच्या रुग्णाचा न्यूमोनिया, गाठ, मोडलेलं हाड हे सगळं त्यात ओढता येतं. लेखी उत्तर आलं की ते पॉलिसीइतकंच जपून ठेवा. फोनवरचं ‘सर, सब कवर है’ क्लेमच्या दिवशी कुठेच नसतं.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर मध्य प्रदेशासाठी विमा लोकपालाचं कार्यालय भोपाळला आहे. तिथे ५० लाखांपर्यंतची तक्रार फुकट ऐकतात, मात्र कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. वकील लागत नाही. तुमच्या हातात अर्जाची पीडीएफ आणि तो ईमेल असेल तर तिथे बोलायला जागा राहते.

सोबत जाणाऱ्याची पॉलिसी वेगळी काढावी, एकत्र कुटुंबाची नको. त्याचं दुखणं, त्याचं सामान, त्याचं लांबलेलं विमान यांचा रुग्णाच्या आजाराशी संबंध लागता कामा नये.

ज्या गोष्टीला विमा नाही तिची सोय पैशाने करून ठेवायची. तिकीट थोडं महाग पडलं तरी तारीख बदलता येणारं किंवा पैसे परत मिळणारं घ्या. हॉटेल असं बघा की जिथे आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येतं. परदेशात इमर्जन्सीत दाखल करताना कार्ड मागतील, त्यावर किती मर्यादा आहे आणि परदेशी व्यवहार चालू आहेत का ते निघण्याआधी बघून घ्या. भारतीय कार्डांवर ते मुळात बंद असतात, ॲपमधून चालू करावे लागतात. साधी गोष्ट, पण रात्री दोन वाजता परक्या हॉस्पिटलात ओटीपी येत नसलेल्या सिमवर ती साधी राहत नाही.

देशातल्या देशात हिशोब वेगळा. इथे प्रवास विम्यापेक्षा आपला नेहमीचा मेडिक्लेमच कामाचा, तो देशभर चालतो. पण इंदूरच्या पत्त्यावर घेतलेल्या काही पॉलिसींचा हप्ता कमी असतो तो शहरांच्या झोनमुळे, आणि तोच रुग्ण मुंबईत दाखल झाला तर बिलाचा ठरलेला टक्का स्वतःला भरावा लागतो. पॉलिसीत ‘झोन’ आणि ‘को-पे’ हे दोन शब्द शोधा. आयुष्मान कार्ड असेल तर ते योजनेत असलेल्या कोणत्याही राज्यातल्या नोंदणीकृत हॉस्पिटलात चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, ते मिळतं. वाटेतल्या मोठ्या गावांतली अशी हॉस्पिटलं आधी शोधून नावं लिहून ठेवा.

रेल्वेच्या सवलतीबद्दल गैरसमज बरेच. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाड्यात १०० टक्के सूट आहे, सोबत्याला या दोन वर्गांत ७५. चेअर कारमध्ये दोघांनाही ७५, सेकंड आणि फर्स्ट एसीत ५०. पण ही सवलत उपचारासाठी किंवा ठरलेल्या तपासणीसाठी जाण्या-येण्याला आहे, जेजुरीला नाही. रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात हॉस्पिटलचा दाखला लागतो आणि तिकीट काउंटरवर काढावं लागतं. ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांचा जो विमा येतो तो काउंटरच्या तिकिटाला नसतो. असला तरी तो रेल्वे अपघाताचा आहे: मृत्यूला १० लाख, हॉस्पिटलच्या खर्चाला २ लाख. गाडीत रुग्णाला धाप लागली तर त्या विम्याचा काही संबंध नाही. तेव्हा १३९ ला फोन करा, टीटीईला सांगा, पुढच्या मोठ्या स्टेशनावर डॉक्टर येतो. पीएनआर आणि डब्याचा नंबर फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत असू द्या.

मोटारीने जाणार असाल तर रस्ता आधी माणसाच्या हाडांच्या नजरेने बघा. मणक्यात किंवा मांडीच्या हाडात आजार पसरलेल्या माणसाला ओंकारेश्वरच्या वाटेवरचा भेरू घाट हा मुंबईपेक्षा लांब पडू शकतो. वळणं, ब्रेक, खड्डे. दुखण्याची लगेच असर करणारी गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी द्यायची, दुखायला लागल्यावर नाही. मांडीखाली आणि कमरेमागे उशा. मुंबईकडे निघालात तर सेंधव्यानंतर बिजासन घाट लागतो, तिथेही हेच.

ऑक्सिजनचा हिशोब मात्र कागदावर मांडूनच करावा. हातात उचलता येणाऱ्या ‘बी टाइप’ सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. ४ लिटर लागत असेल तर सव्वासहा तास. इंदूर ते मुंबई सुमारे ५८५ किलोमीटर, थांबत थांबत बारा-तेरा तास. म्हणजे २ लिटरवालाही एका सिलिंडरवर निघू शकत नाही, कारण वाटेत जॅम लागतो आणि धाप वाढली की प्रवाह वाढवावा लागतो. जितका लागेल त्याच्या दीडपट न्या, निघताना गेज स्वतः बघा, चावी दोरीने सिलिंडरलाच बांधून ठेवा. गाडीत सिगारेट कुणीच ओढायची नाही. घरातला कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) गाडीच्या सॉकेटवर चालत नाही, रेल्वेच्या डब्यातल्या मोबाइलच्या सॉकेटवरही नाही.

विमानात स्वतःचा सिलिंडर चालत नाही. विमान कंपनीने मान्य केलेला पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर लागतो आणि बॅटऱ्या उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट. जास्तीच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. १०० ते १६० वॉट-तासांच्या असतील तर कंपनीची परवानगी हवी आणि दोनच नेता येतात. विमानातली हवा साधारण ६,००० ते ८,००० फुटांच्या डोंगरावरची असते, त्यामुळे इंदुरात बसल्या जागी ९४ दाखवणारं ऑक्सिमीटर वर बरंच खाली येतं. हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली असेल तर विमानाचे डॉक्टर बहुधा अडवतात. आधी रक्त चढवून घ्यायचं का ते विचारा. पोटावर शौचाची पिशवी असेल तर वर गेल्यावर आतला वायू साधारण एक तृतीयांशाने फुगतो, म्हणून चढण्याआधी पिशवी रिकामी करायची.

यासाठी विमान कंपनीचा मेडिफ फॉर्म असतो. डॉक्टरांनी भरायचा, कंपनीच्या डॉक्टरांनी मंजूर करायचा, निघण्याच्या निदान तीन-चार दिवस आधी द्यायचा. इंदूरहून परदेशी जाताना बहुतेकदा मुंबई किंवा दिल्लीला विमान बदलावं लागतं. दोन वेगवेगळ्या कंपन्या असतील तर फॉर्मही दोन. व्हीलचेअर ४८ तास आधी सांगायची, पण नुसतं ‘व्हीलचेअर’ म्हणू नका. तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस पायऱ्या चढू शकतो, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढू शकत नाही, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. ऑनलाइन काढताना बरेच जण पहिलाच निवडतात. मग छोट्या विमानाच्या शिडीपाशी खुर्ची थांबते आणि मागे रांग लागते.

केमो चालू असेल तर तारीख चक्र बघून ठरवा. २१ दिवसांच्या चक्रात पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली असतात. तिसरा आठवडा प्रवासाला बरा. ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, हॉस्पिटल गाठायचं. बॅगेत थर्मामीटर हवाच. शेव नसली तरी चालेल, तोंड आलेल्या माणसाला ती तशीही टोचते.

आता औषधं. मॉर्फिन, फेंटॅनिलचे पॅच ही औषधं भारतात १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ती मिळणं सोपं झालं, पण कागदाशिवाय नाही. मूळ पाकिटात, फार्मसीच्या लेबलसह, प्रिस्क्रिप्शनसोबत हातातल्या बॅगेत ठेवायची. डॉक्टरांच्या पत्रात औषधाचं मूळ नाव, ताकद, दिवसाला किती आणि एकूण किती नेतोय हे आकडे हवेत. आणि नाव पासपोर्टसारखंच हवं. हा आपल्याकडचा खास घोळ: केसपेपरवर ‘व्ही. जी. जोशी’, पासपोर्टवर पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, आयुष्मान कार्डावर तिसरंच स्पेलिंग. माहेरच्या नावाने जुनी फाइल असेल तर आणखी गोंधळ. निघण्याआधी दोन आठवडे हे जुळवून घ्या.

दुबईत ट्रामाडॉल, कोडीन आणि आपण नसांच्या दुखण्यासाठी सर्रास घेतो ती प्रेगाबॅलिन, ही सगळी नियंत्रित औषधं आहेत. तिथल्या सरकारी यंत्रणेची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. सिंगापूरलाही मॉर्फिनसाठी आधी मंजुरी लागते. मधल्या मुक्कामात विमानतळाबाहेर पडणार असाल तर त्या देशाचा नियमही लागू.

मॉर्फिनची वेळ घड्याळाने नाही, तासांनी मोजायची. चार तासांची गोळी चार तासांनीच, मग खाली न्यूयॉर्क असो की अरबी समुद्र. सोबत्याच्या एका जुन्या घड्याळावर भारताची वेळ तशीच ठेवा आणि दिलेल्या प्रत्येक डोससमोर त्याच वेळेची नोंद करा. पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनसोबत रोज लागतं, प्रवासात सगळ्यात आधी तेच विसरतं. पॅच बहुधा ७२ तासांनी बदलायचा असतो, आणि त्यावर ऊब नको: गरम पाण्याची पिशवी, खिडकीतलं एप्रिलचं ऊन, अंगातला ताप, यांनी त्यातलं औषध एकदम जास्त शिरतं. माणूस नको तितका झोपाळू झाला, श्वास मंद झाला तर आधी पॅच काढा आणि लगेच डॉक्टरांना फोन लावा.

सगळ्यात टाळला जाणारा विषय तिकडेच काही झालं तर. परदेशात मृत्यू झाला तर स्थानिक मृत्यू दाखला, एम्बामिंगचा (पार्थिव टिकवण्याच्या प्रक्रियेचा) दाखला, भारतीय दूतावासाची ना-हरकत आणि रद्द केलेला पासपोर्ट, एवढे कागद लागतात. भारतात आणण्यासाठी आरोग्य मंत्रालयाचं ई-केअर पोर्टल २०२३ पासून आहे. तिथे अर्ज करावा लागतो आणि त्यासाठीचे कागद आपण द्यायचे. खर्च मोठा असतो आणि आजार वगळलेला असेल तर विमा हात वर करू शकतो. तिकडेच अंत्यसंस्कार करून अस्थी आणणं खूप सोपं पडतं. मृत्यू दाखला, दहनाचा दाखला आणि दूतावासाचं पत्र घेऊन कलश हातातल्या बॅगेत येतो. रुग्णाला स्वतःला हे विचारा. बहुतेक जण उत्तर आधीच ठरवून बसलेले असतात, विचारणारा कुणी नसतो. काहींना फक्त एवढंच हवं असतं की अस्थी नर्मदेत जाव्यात.

लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, करायची असेल तर तीही निघण्याआधी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती मान्य केली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. परदेशी हॉस्पिटलवर ती बंधनकारक नाही, पण व्हेंटिलेटरबद्दल डॉक्टर नातेवाइकांना विचारतात तेव्हा हातात कागद असला की मुलाला एकट्याने ठरवावं लागत नाही.

आणि फाइल एकच ठेवा, पातळ. पहिल्या पानावर आजार दोन ओळींत, औषधं आकड्यांसह, ॲलर्जी, इथल्या डॉक्टरांचा मोबाइल, पॉलिसीचा नंबर आणि तिचा चोवीस तासांचा फोन. दाखल होण्याआधी त्या नंबरला कळवणं बहुतेक पॉलिसींत अट असते, म्हणून तो नंबर सोबत्याच्या फोनमध्येही हवा. स्कॅनची जाड फिल्म घरी ठेवा, रिपोर्टचा कागद न्या. प्रती तीन: एक हातातल्या बॅगेत, एक सोबत्याकडे, एक इंदुरात असलेल्या अशा माणसाकडे, जो रात्री फोन उचलतो.